सेन्सॉरसाहेबांची शिकवणी

८ जुलै १९७५
आणीबाणी लागल्यापासून डोक्याला नवा ताप. रोज चारला माझं व्यंगचित्र सेन्सॉरच्या कचेरीत दाखवायचं. शिक्का बसला तरच उद्याच्या अंकात. अधिकारी महादेवराव — मूळचे खाप्याचे, आजवर शेतीची माहितीपत्रकं काढली. तोंडाला कुलूप लावलेला माणूस दाखवला, तर म्हणाले, "दात दुखून राहिला का गा त्याचा?" शिक्का बसला.

११ जुलै
भलीमोठी खुर्ची काढली, तिच्याखाली मुंगीएवढं गाव. "सुतार चुकला वाटते." शिक्का.

१५ जुलै
पंधरा वर्षं चित्रं काढतोय, आणि हा माणूस असले प्रश्न विचारतो! आज पुन्हा खुर्चीच नेली, आणि राहवलं नाही. म्हटलं, साहेब, खुर्ची हे प्रतीक — म्हणजे सत्ता. गावापेक्षा मोठी काढली ती अतिशयोक्ती. खाली 'सर्व आलबेल' लिहिलंय तो उपरोध, अर्थ उलटा घ्यायचा.
शांतपणे ऐकलं. मग शिक्का बाजूला ठेवला. "गिरिधरराव, आता तुमीच सांगतलं. मले पास कसं करता येईन?"
चित्र परत. संपादक तडकले — "शिकवणी घ्यायला पाठवलं होतं का तुला?"

१६ जुलै
चित्राची चौकट कोरी गेली.

२३ जुलै
सलग पाच परत. आता तेच मला विचारतात — "हे प्रतीक व्हय ना?" घरी बायको प्रेमिला म्हणते, तुमची हुशारीच नडली.

२९ जुलै
चिडून काढलं — खाटेला बांधलेला, तोंडात बोळा कोंबलेला माणूस. शेजारी डॉक्टर लिहून घेतोय, 'रोग्याची काही तक्रार नाही.' आज एक अक्षर बोललो नाही. महादेवराव बराच वेळ बघत बसले. "हे काई मले समजलं नाही," म्हणाले, आणि शिक्का मारला. एवढं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी.

५ ऑगस्ट
महादेवराव निलंबित. डॉक्टरच्या चित्रावरून वरून विचारणा झाली. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, ते खाप्याला गेलेले. त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई दारातच म्हणाल्या, "वरचे साहेब म्हणे, चित्र समजलं नाही असं लिहून द्या, नोकरी वाचते. यायनं लिहून देलं — समजलं होतं."