खंदकातला भारद्वाज

१० ऑक्टोबर १९७१, रविवार
निश्चय: एका रानपक्ष्याशी कायमची मैत्री करायची.
कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःला फसवता येणार नाही. कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. लोक जे बनवतात ते मी नापास करतो. गेल्या महिन्यात रत्नाकरच्या वर्कशॉपमधून दारूगोळ्याच्या पेट्यांच्या बिजागऱ्या आल्या. भोक केसभर मोठं. अख्खा लॉट परत पाठवला. रत्नाकर माझा कॉलेजपासूनचा मित्र, शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहतो. दसऱ्याला त्याने सगळ्या लाइनीत सोनं वाटलं, आमचं फाटक तेवढं वगळलं. असो. पक्षी काही बनवून माझ्या टेबलावर पाठवत नाही. भांडणाचं कारणच नाही.
उमेदवार: मागच्या घाणेरीच्या कुंपणातला भारद्वाज. तांबडे पंख, लाल डोळे, चाल हेडक्लार्कसारखी.

१२ ऑक्टोबर
ओळखीची खूण सापडली. शेपटीचं डावीकडचं पीस मोडलेलं आहे. आता गफलत होणे नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार
तत्त्वाचा प्रश्न. त्याला खायला घालावं का? अन्नावर मिळवलेली मैत्री म्हणजे लाच. सबब काहीही न देता सकाळभर कुंपणासमोर खुर्ची टाकून बसलो. तो आला नाही.
वसुधा म्हणाली, "अहो, काहून त्या झुडपापुढे बसून राहिले? रत्नाकर भाऊजींकडे जा ना, चार पावलांवर तर आहेत."
म्हटलं, चूक त्याची आहे.
म्हणाली, "चूक बिजागरीची आहे."
मापात किती फरक चालतो, तो टॉलरन्स हिला समजत नाही.

२० ऑक्टोबर
वसुधाने फराळाचं ताट रत्नाकरकडे नेलं. त्यांच्याकडून चकल्या आल्या. एकही चकली दुसरीसारखी नाही. सहा खाल्ल्या.

२४ ऑक्टोबर
मोठी प्रगती. तो कुंपणातून बाहेर आला आणि माझ्याकडे पाहिलं. निदान माझ्या खुर्चीकडे. आश्चर्य म्हणजे आज शेपटी अखंड! मोडलेलं पीस इतक्यात भरून आलं. माझ्या सहवासाचा परिणाम असावा. अहंकार होतो आहे का, हे तपासलं. थोडा होतो आहे.

२५ ऑक्टोबर
पीस पुन्हा मोडलं. काळजी घेत नाही. सांगितलं त्याला.

३१ ऑक्टोबर, रविवार
बातमी फुटली. निघताना भारद्वाज दिसला की काम होतं, म्हणून सकाळी आठला कॉलनीतली मराठी मंडळी आमच्या परसात हजर. ज्योती परीक्षेचा निकाल बघायला निघालेली. भय्यासाहेब मुलीचे दागिने घ्यायला सराफ्यात निघालेले. शहरातल्या गोरखपूर भागातून एक बाई रिक्षा करून आल्या, त्यांना मी ओळखतही नाही.
समोरचे तिवारीजी फाटकावरून म्हणाले, "क्यों भैया, राशन बँट रहा है क्या?" त्यांना भारद्वाजाचं समजावलं. म्हणाले, "अरे, ये तो महोखा है! हमारे गाँव में इसे कोई नहीं पूछता।"
मित्राच्या वतीने वाईट वाटलं. मग विचार केला, मी तरी हे काय होऊ देतो आहे? मित्र हा उपयोगासाठी नसतो. सगळ्यांना परत पाठवलं. भय्यासाहेब आता माझ्याशी बोलत नाहीत. हरकत नाही. न बोलणाऱ्यांची संख्या वाढते आहे, पण भारद्वाज एकटाच पुरे.

८ नोव्हेंबर
लढाई होणार म्हणतात. प्रत्येक क्वार्टरमागे खंदक खणायचा हुकूम आला. रत्नाकरने एका रविवारी खणून टाकला. कडा वाकड्या. कुंपणावरून दिसल्या, बघायला गेलो नव्हतो. मी गुण्या लावून खणतो आहे.

१४ नोव्हेंबर
खंदक पूर्ण. चारही कोपरे नव्वद अंश. मोरीचं पाणी आत झिरपतं, हा दोष मोरीचा.

१६ नोव्हेंबर
उद्या फोरमनच्या जागेसाठी इंटरव्ह्यू. नवा पेच. निघताना भारद्वाज दिसला तर? ज्यांच्या अंगणात तो नाही त्या उमेदवारांवर अन्याय. शिवाय मित्राकडून फायदा घेणं हा सरळ वशिला. निर्णय: सायकल मागे असते, तिथपर्यंत डोळे मिटून जायचं.

१७ नोव्हेंबर
डोळे मिटून निघालो. खंदक लक्षात राहिला नाही.
खाली पडल्यावर डोळे आपोआप उघडले. समोर हातभर अंतरावर भारद्वाज, चोचीत गोगलगाय. इतकी जवळून भेट प्रथमच. तो दचकला नाही. गोगलगाय संपवून चालत निघून गेला. याला विश्वास म्हणतात.
वसुधा वरून म्हणाली, "आता तर दिसला ना? जा मग, फोरमन झालेच तुम्ही!"
पँट बदलायला वेळ नव्हता. बोर्डापुढे बसल्यावर मन खाऊ लागलं. स्पष्ट सांगितलं की आज सकाळी माझ्या खंदकात मला एक पक्षी दिसला आहे, तरी माझे गुण त्या मानाने कमी करावेत. अध्यक्ष मद्रासकडचे. त्यांनी शेजारच्या साहेबांना हळूच विचारलं, हा शत्रूच्या विमानाबद्दल बोलतो आहे का? पुढचा वेळ सिक्युरिटी ऑफिसरला पक्ष्याचा रंग सांगण्यात गेला.

२२ नोव्हेंबर
जागा दुसऱ्याला मिळाली. न्याय झाला. वसुधाला तसं वाटत नाही.

४ डिसेंबर
लढाई सुरू. काचांना काळे कागद लावले. संध्याकाळी भोंगा झाला, सगळे खंदकात. मी, वसुधा, आमची लेक विनता. एवढ्यात वरून दोन माणसं आत आली. रत्नाकर आणि विभावरी वहिनी. त्यांच्या खंदकाची भिंत ढासळली.
रत्नाकर माझ्याशी बोलला नाही. वसुधाला म्हणाला, "वहिनी, हा खंदक पास केलाय ना साहेबांनी? नाहीतर आम्ही आपले वर थांबतो."
मी वसुधाला म्हटलं, कोपरे नव्वद अंश आहेत म्हणून सांग.
तो वसुधाला म्हणाला, "आणि घोट्यापर्यंत पाणी आहे, तेही सांगा त्यांना."
विनता हसायला लागली. थांबेचना. मग अंधारात रत्नाकर एकदम म्हणाला, "बिजागऱ्या पुन्हा केल्या मी. सगळ्या."
म्हटलं, माहीत आहे. मीच पास केल्या. चांगल्या होत्या.
"मग सांगायचं नाही का रे, श्रीपाद?"
चांगल्या मालावर शेरा लिहायची पद्धत नाही, असं सांगितलं. चर्चा पूर्णपणे तांत्रिक होती.

९ डिसेंबर
कारखान्यात ओव्हरटाइम. भारद्वाजासाठी वेळ मिळत नाही, तो समजून घेईल. रत्नाकर रोज आमच्या खंदकात. काल भाजलेले शेंगदाणे आणले. खाल्ले. अंधारात कोणी दिले ते नीट दिसत नव्हतं.

१२ डिसेंबर
विनता म्हणते, रत्नाकर काकांच्या खंदकाची भिंत केव्हाच दुरुस्त झाली आहे. तपासायला हवं. सवडीने.

१९ डिसेंबर, रविवार
लढाई संपली. खंदक बुजवला. रत्नाकर न बोलावता फावडं घेऊन आला आणि माझे चारही कोपरे हसत हसत मोडले.

२६ डिसेंबर
भारद्वाज आठवडाभर आला नाही. माझं काय चुकलं? कमी बसलो? जास्त बसलो? पीस मोडण्याबद्दल बोललो ते लागलं असेल का?
दुपारी उलगडा झाला. तो रत्नाकरकडे आहे. त्या आळशाने आपला खंदक बुजवलेला नाही, आणि तिथे गोगलगायी आहेत. म्हणजे लाच. कडू वाटलं. तरी मैत्री निभवायची असते. रोज संध्याकाळी रत्नाकरच्या परसात जाऊन बसायचं ठरवलं. फक्त भारद्वाजासाठी.

५ जानेवारी १९७२
गेलो. आजही वहिनींनी चहा केला. पक्षी दिसला नाही. अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. कॉलेजातल्या गोष्टी निघाल्या.

१४ जानेवारी, संक्रांत
वसुधाने तिळगुळाचे लाडू केले. एक दिवस तत्त्व बाजूला ठेवायचं ठरवलं आणि भारद्वाजासाठी चार लाडू रुमालात बांधून नेले. रत्नाकरच्या खंदकाच्या काठावर मांडले.
थोड्या वेळाने भारद्वाज चालत आला. शेपटी अखंड. त्याच्यामागून आणखी एक भारद्वाज आला. शेपटीचं डावीकडचं पीस मोडलेलं.
रत्नाकर म्हणाला, "जोडी आहे ती. तीन वर्षं झाली. तुला माहीत नव्हतं?"
अठरा वर्षं इन्स्पेक्शनला आहे.  यातला माझा मित्र कोणता, हे त्यांच्याकडे बघून ठरवायचा प्रयत्न केला. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. लाडवांना वळसा घालून खंदकात उतरले.
रत्नाकरने काठावरचा एक लाडू उचलला, फुंकर मारून माती उडवली आणि खाल्ला. विचारलं, कसा आहे?
म्हणाला, "तीळ जास्त भाजलेत. नापास."
आणि दुसरा उचलला.