चुकीच्या हातातली रॅकेट

३ फेब्रुवारी

आज सकाळी मी एकशे वीस चेंडू मुद्दाम सांडले!

त्याआधी टोपली खरोखरच कलंडली होती. भिंगरी — माझी बारा वर्षांची शिष्या, चार वर्षं माझ्याकडे शिकतेय — नेटपलीकडून चेंडू उचलून टोपलीत फेकत होती. एकही चुकेना. नीट पाहिलं. डावा हात! तिची पाठ वळल्यावर मीच टोपलीला लाथ मारली. पुन्हा डावाच.

"सर, आज तुम्हाला झालंय तरी काय?"

काय सांगणार! चार वर्षं हिला उजव्या हाताने खेळवतोय. पहिल्या दिवशी रॅकेट मीच तिच्या उजव्या हातात दिली. विचारलंसुद्धा नाही.

४ फेब्रुवारी

"गंमत म्हणून डाव्या हाताने मार बघू," म्हटलं. सहा चेंडू कुंपणाबाहेर. सातवा असा कडाडत सुटला की माळीकाका पाइप हातात धरून तसेच उभे! स्वतःचे बूट भिजवून घेतले.

अकरा वर्षं मी व्यावसायिक टेनिस खेळलो. जगात तीनशे बारावा, त्यावर कधी गेलो नाही. माझ्या रॅकेटमधून असा आवाज एकदाही निघाला नाही.

घरी शिट्टी वाजवत आलो. या वयात!

७ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. खूप हसली. मग म्हणाली, "आणि स्वतःचं काय? दात डाव्या हाताने घासता. माझ्याशी भांडताना बोटसुद्धा डावंच नाचवता."

गावच्या शाळेतले मास्तर आठवले. पाटीवर डाव्या हाताने काढलेलं माझं पहिलं अक्षर त्यांनी पुसायला लावलं. मग महिनाभर तो हात रुमालाने पाठीशी बांधला. वाईट नव्हते. मनापासून मला सुधारत होते.

मीही भिंगरीला सुधारतच होतो. मला तर रुमालही लागला नाही.

८ फेब्रुवारी

देवापुढे हात जोडले. दोन्ही तळवे सारखेच दिसले.

१२ फेब्रुवारी

भिंगरीच्या घराच्या जिन्यावरून दोनदा परत फिरलो. निवड चाचणी पाच आठवड्यांवर. आता हात बदलायचा म्हणजे हे वर्ष गेलंच. आणि चूक माझी, हे तोंडाने सांगायचं!

१३ फेब्रुवारी

सांगितलं. तिची आई शिलाई मशीन थांबवून ऐकत होती.

"पहिल्याच दिवशी म्हणाली होती हो, सरांनी चुकीच्या हातात दिली. मीच गप्प केलं. म्हटलं, तुला जास्त कळतं का?"

मग मी म्हटलं, "हात बदलला तर यंदा ती हरेल."

आतून भिंगरी ओरडली, "हरते ना! डाव्या हाताने हरते!"

आई हसली. मीही. डोळे पुसत हसलो. तेवढ्यात पोरगी दारात — "पण सर, तुम्हीपण डाव्यानेच खेळायचं. माझ्या एकटीचंच हसं का?"

२० फेब्रुवारी

भिंगरीला खांदा दुखतो म्हणून सांगितलं.

"कुठला?" म्हणाली.

मी उजवा दाखवला. कसला गाढव मी! "मग बरंच झालं की!" म्हणाली. तरीही टाळलं. बाजूच्या कोर्टवर सगळे प्रशिक्षक असतात. लोक काय म्हणतील? देवा, वय एकोणपन्नास आणि ही भीती!

१८ मार्च

चाचणी. हरली, एक-सहा, दोन-सहा. जिंकलेले तिन्ही गेम डाव्या हाताच्या सर्व्हिसवर! निवड समितीतल्या बाईंनी मला बाजूला घेतलं — "ही मुलगी आजवर कुठे लपवली होती?"

माझ्याकडेच होती, म्हटलं.

परतताना भिंगरी बसमध्ये सगळ्यांना तीन बोटं दाखवत होती. हरल्यावर कोणी इतकं नाचतं?

२१ मार्च

आज सकाळी तिच्याशी डाव्या हाताने खेळलो. सगळ्यांदेखत. शून्य-सहा. एक चेंडू मात्र — माळीकाका पुन्हा भिजले!

हेही त्याच हाताने लिहितोय. अक्षर पहिलीतल्या पोराचं आलंय. मास्तर, हे मी पुसणार नाही.