कोंडा म्हशीला, पीठ मालकाला

४ नोव्हेंबर, मंगळवार
डॉक्टरनं मोतीबिंदू काढायला चक्क नकार दिला! मालकाची जेवणानंतर दोन तासांची शुगर दोनशे साठच्या वर. "आधी दोनशेच्या आत आणा, मग डोळ्याचं बघू." येताना अख्ख्या एसटीला ऐकू जाईल असं मालक म्हणाले, "तकलीफ डोळ्याची, साखर मधीच काहून?" लोक हसले. मला हसू आलं न्हाई. परवा गोठ्यात म्हैस समजून माझ्याच पाठीवर थाप मारली, "हट गं!" दिसतच न्हाई माणसाला. कुठं विहिरीकडं गेले तर? जीव थाऱ्यावर राहत न्हाई माझा.

७ नोव्हेंबर
शिवकन्यानं नांदेडहून तपकिरी पाव धाडला. फोनवर लेक म्हणे, "आई, गव्हाचा आहे, बाबांना हाच दे." सकाळी चार तुकडे दिले. तासाभरात शेवेचा डबा वाजला! "पोटात काही न्हाईच गं, नुसता वारा." दोन तासांनी शुगरच्या मशीनसाठी त्यांचं बोट टोचलं — दोनशे ऐंशी. चष्मा लावून पुडक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. आधी मैदा, मग साखर, मग रंग. आख्खा गहू शेवटी, नावापुरता. लेकीला बोलले न्हाई, बिचारीनं मायेनं धाडला. उरलेला मीच चहात बुडवून खाल्ला. टाकवतो का?

९ नोव्हेंबर
पीठ चाळून कोंडा म्हशीपुढं टाकत होते. मालक तिच्या अंगावरून हात फिरवत म्हणाले, "हिला बघ, सदा पोट भरलेलं. मलाच काहून भूक लागून राहिली?" मी चाळणी घेऊन तशीच उभी! सासूबाईंची शिस्त — भाकर पांढरीशुभ्र पाहिजे, पाव्हण्यानं नाव ठेवू नये. म्हणून मी आधी चाळणीनं, मग फडक्यानं गाळणार. पोटात टिकतं ते म्हशीला, आणि मालकाला नुसता भुगा. काय म्हणावं मला!

१० नोव्हेंबर
गिरणीवाल्या संतरामला म्हटलं, ज्वारी जाड दळ. "काकू, भाकर फुटंल." फुटलीच! उकळतं पाणी घालून दाबून मळलं तेव्हा कुठं जमली. मालकानं बोटांनी चाचपली. "भाकर का गोवरी?" आणि मग तीन खाल्ल्या! शुगर काय उतरणार, डोंबल? चांगली म्हणून कितीबी खायची व्हय? कडाकडा भांडले. रात्री आपणच म्हणाले, "उद्यापासून दीड. झालं समाधान?"

१८ नोव्हेंबर
दीड भाकर, मेथीची भाजी, वाटीभर वरण. सावकाश खातात, चावावंच लागतं. दुपारभर शेवेचा डबा वाजला न्हाई. मला वाटलं रुसले. विचारलं तर म्हणे, "पोट गच्च आहे, तू जा." एकशे नव्वद! गोळी मात्र चालूच, डॉक्टरनं बजावलंय.
जाड पीठ त्यांच्यापुरतंच मळते. मला काय धाड भरलीय? मी आपली पोळी खाते गुळासंगं.

१ डिसेंबर
एकशे बहात्तर. ऑपरेशनची तारीख मिळाली! देवा, पावलास रे.

१० डिसेंबर
ऑपरेशन बराबर झालं म्हणे. आत जाताना मला दटावून गेले, "इथंच बस, कुठं जाऊ नको." जशी काय मी जत्रेला निघाले होते! बाहेर बसून रडले. किती जीव आहे माझा या माणसावर.

११ डिसेंबर
पट्टी सुटली. आधी माझ्याकडं बघितलं. हसले, आणि मग हसू गेलं. "पंचफुले, एवढी वाळली कधी गं? गळ्याची हाडं दिसून राहिली." म्हटलं, म्हातारी झाले, दुसरं काय! ऐकलं न्हाई. घरी आल्यावर जेवण झालं, दोन तास समोर बसून राहिले आणि मशीन काढून माझंच बोट टोचलं. तीनशे चाळीस. आकडा त्यांनीच वाचला. माझं बोट काही सोडेनात.