तिसऱ्यांतलं लिंबू

५ ऑक्टो., रविवार
सासूबाई येऊन आठवडा झाला. नि.ने (नवरोबा निखिल) त्या यायच्या आधीच सगळ्या बाटल्या खोक्यात भरून गॅरेजमध्ये, बर्फाच्या फावड्यामागे ठेवल्या. चाळिशीचा घोडा, आईला घाबरून लपवाछपवी. मी तरी काय वेगळी? खोक्यावर 'जुनी पुस्तकं' मीच लिहिलं.
हसण्यासारखं नाही पण. सासऱ्यांना दारूनेच नेलं. तेव्हापासून आईंचं एकच: ज्या घरात बाटली, तिथे मी जेवणार नाही. सख्ख्या भावाकडे बारा वर्षं जेवल्या नाहीत.

८ ऑक्टो., बुधवार
व्हायचं ते झालं.
ओहायोत ताज्या तिसऱ्या, शिंपल्यांसकट, म्हणजे लॉटरीच, कोरियन दुकानात दिसल्या आणि उचलल्या. लसूण, ओलं खोबरं, एकच हिरवी मिरची. ही डिश माझी मस्काडेबरोबरची. फ्रान्सच्या समुद्राकाठची कोरडी पांढरी वाइन, लिंबासारखी, किंचित खारट. बांगड्याच्या झणझणीत तिखल्यापुढे मार खाते, पण खोबरं-कोथिंबिरीशी तिचं मस्त जुळतं.
आई आंघोळीला गेल्या नि मी गॅरेजमधून बाटली आणली. एका घोटासाठी, खरंच. हात सवयीने पातेल्यावर गेला. अर्धा कप. ओतल्यावर लक्षात आलं. फेकूनच देणार होते, तेवढ्यात मागून आवाज, "काय गं वास सुटलाय!" बाटली सिंकखाली.
आईंनी दोनदा वाढून घेतलं. शिंपल्यातला रस ओरपला. "काय घातलंस गं मेधा?"
"लिंबू, आई."
किती पटकन आलं तोंडातून.

९ ऑक्टो.
नि.ला सांगितलं. "अगं, अल्कोहोल उडून जातं. चिल कर यार."
सगळं उडत नाही. आणि उडालं तरी प्रश्न तो नाहीच.
आई व्हिडिओ कॉलवर वैशालीला (नणंद, वेंगुर्ल्याला) सांगत होत्या, "मेधाच्या हाताला आपल्याकडची चव आलीय." मी भांडी घासत राहिले. डिशवॉशर असताना.

१२ ऑक्टो., रविवार
आज आईंनी स्वतः तिसऱ्या केल्या. हौसेने. लिंबू पिळलं, चाखलं, पुन्हा पिळलं. तिसऱ्यांदा चाखून चमचा खाली ठेवला.
"माझ्या हाताची चव गेली बघ. म्हातारी झाले."
सांगायला तोंड उघडलं. बाहेर आलं, "तिसऱ्याच शिळ्या असतील."
जेमतेम चार घास खाल्ले त्यांनी. पन्नास वर्षं रांधणारी बाई. माझ्या अर्ध्या कपामुळे स्वतःच्या हातावर शंका घेतेय. लाज वाटते मला. धड जेवले नाही मीही, पण त्याने काय होतं.

१५ ऑक्टो., बुधवार
मी वाइनशिवाय केल्या. मुद्दाम. म्हटलं, माझ्याही बिघडल्या की त्यांना बरं वाटेल.
"आज तुझंही बिनसलं वाटतं," म्हणाल्या. जरा हसल्या.
चला, सुटले, असं वाटलं. पाचच मिनिटं. एक खोटं झाकायला दुसरं, आता तर स्वयंपाकसुद्धा खोटा.

१७ ऑक्टो.
आईंबरोबर फिरायला जाताना सांगायचं ठरवलं होतं. तळ्याला दोन फेऱ्या झाल्या. बदकांवर बोललो.
सांगितलं तर इथे जेवणार नाहीत. अजून दीड महिना आहेत. परत येतील की नाही...

१८ ऑक्टो., शनिवार
सकाळी आईंनी त्यांची वही पुढे केली. वैशालीला तिसऱ्यांची कृती हवीय.
"तुमच्या अक्षरात लिहा ना, आई."
"नको. तूच लिही. त्या दिवशीच्या, पहिल्या बुधवारच्या." मग थांबून, "काय घातलं होतंस ते लिही. मला नको वाचून दाखवू. चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही."
चष्मा त्यांच्या गळ्यातच होता.
लसूण लिहिलं. खोबरं, मिरची. ओळ सोडून पेन तसंच धरून बसले, मग वही बाजूला सारून ही रोजनिशी ओढली. आई समोर कोथिंबीर निवडतायत. निवडून झालीय कधीची, तरी उठल्या नाहीत.