तेवीस सप्टेंबरचं लग्न

वोल्फ्सबुर्ग, १५ मे २००६

प्रिय श्रीपाद,

पन्नास वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि तरी ‘तू’च म्हणते आहे. अहो-जाहो करायचं नाही हा आपल्या पक्षाचा पहिला नियम. मी तो अजून पाळते, त्यामुळे माझ्या मुलाच्या, विनयच्या, सासूबाई माझ्यावर कायम नाराज. विनय इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्याकडे येऊन मला चार वर्षं झाली. गाव इतकं शांत, की भांडायलाही कोणी मिळत नाही. पण खोटं कशाला बोलू, मी सुखात आहे. सध्या श्पार्गेलचा हंगाम आहे. ही पांढरी भाजी इथले लोक नुसती उकडून, वर लोणी घालून, आपण आंबे खातो तशा भक्तीने खातात. मी तिला खोबरं-मिरचीची फोडणी दिली, तेव्हा कुठे घशाखाली उतरली. नात ईप्सिता नऊ वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं उत्तम चालतं.

तुझा पत्ता उत्कर्षाने दिला. नागपूरची ही मुलगी ग्योटिंगेनला डॉक्टरेट करते आहे. वसाहती सुटत होत्या तेव्हा उगवलेल्या आणि मावळलेल्या छोट्या पक्षांवर. त्यात आपला गोमंतक श्रमिक पक्षही आहे, बरं का! एकूण सभासद एकोणीस, त्यातले निम्मे छापखान्यातले, आणि बाई मी एकटी. गोवा सुटला तेव्हा असा काही पक्ष होता हेही लोक विसरले होते, आणि इथे त्याच्यावर अख्खं प्रकरण. दर शनिवारी ती टेप लावते, मी बोलते, आणि ती पोहे खाते. हिवाळ्यात ती गोव्यात, साखळीला तुझ्याकडेही येऊन गेली. पक्षातून का काढलं म्हणून तिने विचारलं, तर तू म्हणालास म्हणे, पक्षाला योग्य वाटलं ते पक्षाने केलं. त्यामुळे तिच्या प्रकरणात तुझ्याबद्दल एकच वाक्य आलं: पोलिसांना खबर दिल्याच्या आरोपावरून हकालपट्टी. तेही माझ्याच तोंडून घेतलेलं. ते तसंच छापलं गेलं, तर उद्या तुझी नातवंडं तेच वाचतील.

या पोरीला सांगता सांगता मला सगळं पुन्हा दिसलं. पोर्तुगीज अमलात साध्या लग्नपत्रिकेलाही सेन्सॉरचा शिक्का लागायचा, म्हणून आपण सभेचं बोलावणंच लग्नपत्रिका म्हणून छापायचो. मंडपाचा पत्ता ही सभेची जागा, मुहूर्त ही सभेची वेळ. मजकूर मी लिहायची. कचेरीतल्या कारकुनाशी ओळख म्हणून शिक्क्याला तू न्यायचास. सहा लग्नं लावली आपण, एकाही नवरीशिवाय! सातवं म्हापशाला, छप्पन सालच्या तेवीस सप्टेंबरला, रविवारी. वऱ्हाडाच्या आधी पोलीस हजर. पाच जण तुरुंगात गेले, त्यातल्या लहूचा गुडघा कायमचा गेला. कारकुनाशी ओळख तुझी, म्हणजे फितूर तूच, असं ठरायला कितीसा वेळ लागणार? उरलेल्या कार्यकारिणीने तुला विचारलं तेव्हा तू तारखेबद्दल काहीतरी बोलायला लागलास, माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प झालास. ते गप्प बसणं मी कबुली समजले.

मार्चमध्ये उत्कर्षा लिस्बनच्या दप्तरातून पोलिसांच्या फायलीची झेरॉक्स घेऊन आली. त्यात आपली पत्रिका होती, माझ्याच अक्षरातली. खाली त्या कारकुनाने पोर्तुगीजमध्ये शेरा मारला होता: हा पंधरवडा हिंदूंच्या पितरांचा असतो, यात कोणी लग्न करत नाही, चौकशी व्हावी. श्रीपाद, मी पितृपक्षात लग्न काढलं होतं! छापखान्याला सुट्टी म्हणून रविवार पाहिला, एवढंच. पंचांग बघायचं नाही याचा तेव्हा केवढा ताठा होता मला. घरातलं पंचांग मीच चुलीत घातलं होतं. आधी मी इतकी हसले की ईप्सिता पाणी घेऊन धावली, आणि मग रडू आवरेना. फितुरी कोणीच केली नव्हती. खबर मी दिली होती, सुवाच्य अक्षरात, वर गणपतीचं चित्र काढून.

तू भिक्षुकाच्या घरातला. उशिरा का होईना, तुला हे कळलं होतं ना? पाच जण आत असताना तू ते माझ्यावर ढकलायला तयार नव्हतास. आता तुला माहीत नसलेली गोष्ट सांगते. बहुमताने काढलं, असं तुला कळवलं होतं. मतं दोन-दोन पडली होती. चिटणीसाने शेवटी मत द्यायचं, आणि चिटणीस मी. मला तू फार आवडायचास आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. प्रेमापोटी पाठीशी घातलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी तुझ्याविरुद्ध मत दिलं. वर्षभरात लग्न करून पुण्याला निघून गेले. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण त्या मताबद्दल मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

परवा शनिवारी उत्कर्षाला मी ते वाक्य खोडायला लावलं आणि खरं काय घडलं ते लिहून, खाली सही करून दिलं. तेच छापलं जाईल. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी ते तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आणखी एक. हकालपट्टी रद्द करायचा अधिकार कार्यकारिणीचा. पक्षाचं विसर्जन कोणी केलंच नाही, आणि कार्यकारिणीत आता मी एकटी जिवंत आहे. म्हणून काल दुपारी इथल्या स्वयंपाकघरात रीतसर सभा घेतली. श्रीपाद निर्दोष होता, त्याचं सभासदत्व कधी तुटलंच नाही, असा ठराव मांडला आणि एकमताने मंजूर केला. पक्षाचं काम तेवढ्यात संपलं. राहिली मी. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव, आणि या वेळी माझं मत धरू नकोस.

तुझीच, पक्षातली एकटी बाई,
सुधा