ताईच्या झाडाची विल्हेवाट

मी, या घराच्या तळमजल्यावर राहणारी, झाडांच्या वलयांवरून जुन्या काळचे हवामान वाचणारी निवृत्त संशोधक, घरात आणि गल्लीत ‘ताई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कान जरा मंद झाले आहेत, पण वरच्या मजल्यावर माझ्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे धाकटीच्या, मुलाखती लावल्या की त्यातला शब्द न् शब्द मला ऐकू येतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण राग म्हणजे दबाव नव्हे, हे वकिलांना विचारून घेतले आहे. आधीची सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती बरीच निघतील, कारण धाकटीला पुरस्कार मिळाला की मी नवे करते.

कलम १. तळमजला आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला मिळावी. वरचा मजला धाकटीचा आहेच. वाटणी करताना वडिलांनी वारा आणि उजेड तिला दिला आणि ओल मला. मुलगी माझ्या टेबलावर बसून शिकली, माझ्या भिंगातून पाहायला शिकली, आणि नोकरी धरली ती मावशीच्या प्रयोगशाळेत. संध्याकाळी येते, ओली छत्री माझ्या दारात ठेवते आणि हसायला वर जाते. तरीही घर तिलाच. पोटची आहे, काय करणार.

कलम २. माझी गिरमिटे. पोकळ गिरमिट खोडात पिळत नेले की झाडाला न मारता पेन्सिलीएवढी काडी बाहेर येते आणि तिच्यावर वर्षावर्षाची वलये दिसतात. पाणी पुरले तर वलय रुंद, वर्ष कोरडे गेले तर अरुंद. गिरमिटे मुलीने ठेवावीत आणि वापरली नाहीत तरी तेल लावावे. धाकटीला ती देऊ नयेत. तिचे काम म्हणजे बाटल्यांत हवा भरून आणायची आणि तिच्यात धूर किती ते मोजायला यंत्रात सोडायची. हाताला घट्टे पडले नाहीत, म्हणून कॅमेऱ्यासमोर तिचे हात छान दिसतात.

कलम ३. आमचा वाद. माझ्या पश्चात कोणी तो मिटला असे म्हणू नये. माझे म्हणणे असे, की माणसाने चूल पेटवण्याच्या कितीतरी आधीपासून पृथ्वी तापत आणि निवत आली आहे, आणि हे चक्र डोंगरावरच्या जुन्या खोडांत लिहिलेले आहे. धाकटीचे म्हणणे असे, की ते खरेच, पण आत्ताची वाढ त्या चक्रात बसत नाही. ती आपल्या धुराड्यांची आहे. डोंगरावरच्या झाडांची अलीकडची वलये आखडत चालली होती, आणि धाकटी तेवढीच धरून बसली. मी म्हटले, त्यांना कीड आहे. निरोगी झाड पाहायचे तर माझ्या मागच्या अंगणातले सूचिपर्णी पाहा. त्याच उतारावरचे, तीच माती, आणि वलये कशी भरघोस. कोरडा काळ सरून चांगला काळ फिरून आला, एवढाच त्याचा अर्थ. भर सभेत मी तिला त्या झाडाची काडी दाखवली, तेव्हा ती उठली, काही न बोलता पाणी प्यायली आणि खाली बसली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो मात्र तिचाच आला.

कलम ४. आईच्या वस्तू. आई गेल्यावर धाकटीने साड्या, भांडी, शिवणयंत्र सगळे मला सोडले आणि पत्र्याची पोचे पडलेली बादली तेवढी मागून नेली. मला वाटले, साधेपणाचा आव आणते आहे. आईची लाडकी तीच, मग बादलीवर कसे भागले? ती बादली परत मागावी. मला ती नको आहे, पण तिच्याकडे का असावी?

कलम ५. मागच्या अंगणातले झाड. घरात त्याला ‘ताईचं झाड’ म्हणतात. मी गेल्यावर ते पाडावे, खोडाची एक चकती कापून, धाकटीची प्रयोगशाळा आहे त्या संस्थेच्या दारात माझ्या नावासह लावावी, म्हणजे धाकटीला रोज तिच्यासमोरून आत जावे लागेल.

कलम ६. पहिली साक्षीदार धाकटी असावी. वकील म्हणतात, जी साक्षीदार म्हणून सही करते तिला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मी तिला काही देणार नाहीच. पण तिने आपल्या सहीने ते मान्य करावे, यात मला जास्त गोडी आहे.

इथपर्यंत सकाळी लिहिले आणि धाकटीला सहीसाठी खाली बोलावले. इथून पुढचे दुपारी लिहीत आहे.

ती जेवणाच्या टेबलाशी बसली. चष्मा लावून माझे सगळे टोमणे वाचत गेली आणि कुठेच काही बोलली नाही, याचाही मला राग आला. कलम पाचवर मात्र तिने पेन खाली ठेवले.

“ताई, झाड पाडू नकोस. चकती कापलीस तर अलीकडची वलयं सगळ्यांना दिसतील.”

मी म्हटले, दिसावीत म्हणूनच कापायची.

“ती हवेची नाहीत गं,” ती म्हणाली. “आईची आहेत.”

मग तिने सांगितले. जेवताना मी बोलायचे, की वलय रुंद आले म्हणजे चांगले. आईने ते परीक्षेतल्या गुणांसारखे धरले. उन्हाळ्यात मी गिरमिटे घेऊन डोंगरावर गेले की ती झाडाच्या मुळाशी पाणी ओतायची. स्वयंपाकघरातले, आणि ते पुरले नाही तर नळाचे. ताईच्या झाडाला कमी पडायला नको, म्हणायची, आणि ताईला सांगू नकोस. आईचे गुडघे धरले तेव्हा बादली धाकटी उचलून द्यायची. डोंगरावरची झाडे तहानेने आखडत होती तेव्हा माझे झाड का फुगत होते, ते असे.

आई गेल्यावर त्या झाडाची वलये अरुंद झाली. तेव्हा ‘चक्र उलटले’ असा निबंध मी परिषदेत वाचला होता.

मी तिला विचारले, की हे सगळे ठाऊक असताना त्या सभेत गप्प का बसलीस? एका वाक्यात मी संपले असते.

तिने मेणकापडाची घडी सारखी केली. “बोलले असते तर तू हरली असतीस. ते मला चाललं असतं. पण आई तुझ्यासाठी काय करायची, तेही तुला कळलं असतं. ते तुला कळू द्यायचं नव्हतं मला.” आणि मग म्हणाली, “माझ्या बाटल्यांना आईनं कधी हातसुद्धा लावला नाही, ताई.”

जिचा मी जन्मभर हेवा केला ती वरच्या मजल्यावर बसून माझा हेवा करत होती. हे ऐकून मला वाईट वाटायला हवे होते. मृत्युपत्रात खोटे लिहू नये, म्हणून लिहिते, की मला फार बरे वाटले. वाईट नंतर वाटले, ती जिना चढताना कठड्याला धरते आहे हे दिसले तेव्हा.

तेव्हा पुढील दुरुस्त्या कराव्यात.

कलम ३ मध्ये: त्या झाडावरून काढलेले माझे निष्कर्ष मी मागे घेते, असे मुलीने संस्थेला कळवावे. जुनी चक्रे खरी आहेत, त्यावरून मी हटणार नाही. पण डोंगरावरच्या झाडांना कीड नव्हती, धाकटीने त्यांची वलये बरोबर वाचली होती. आणि माझ्या झाडाची रुंद वलये निसर्गाने केलेली नाहीत, माणसाने केलेली आहेत. ते माणूस म्हणजे आमची आई होती आणि तिने ते थोरलीसाठी केले, हे पत्रात स्पष्ट लिहावे. ‘थोरलीसाठी’ हा शब्द गाळू नये.

कलम ४ मध्ये: बादली धाकटीकडेच राहावी. उचलायची तीच.

कलम ५ रद्द. झाड पाडू नये. मागचे अंगण झाडासकट धाकटीला द्यावे. तिने हवे तर पाणी घालावे, पण त्याचे नाव बदलू नये.

कलम ६ रद्द. ती सहीसाठी पुन्हा पेन उचलत होती, ते मी तिच्या हातातून काढून घेतले. तिला वाटले मी रागावले. वकील यथावकाश सांगतील.

स्थळ: तळमजला, जेवणाचे टेबल.
दिनांक: ११ एप्रिल.

सही: ताई

साक्षीदार:
१. समोरचे घड्याळजी. (या जागी आधी धाकटीचे नाव होते. ते खोडले आहे. खोडाखोड माझ्याच हातची आहे आणि शुद्धीवर असताना केली आहे.)
२. कोपऱ्यावरच्या दंतवैद्य बाई.