बॅटरीघराची लाईन

बाबा, परवा घरचा इन्व्हर्टर बघायला आलेला माणूस म्हणाला, "माताजी, बैटरी खत्म है, नई ले लो." मी विचारलं, पाणी भरून हळूहळू चार्ज करून पाहिली का? तो हसला. मला राग आला नाही, पण कारखान्यातलं तुमचं बॅटरीघर आठवलं, म्हणून लिहायला बसले.

लढाईचं वर्ष होतं. सदर बाजारातल्या दुकानांच्या काचांवर काळे कागद, कारखान्यात तीन पाळ्या, आणि नव्या बॅटऱ्या निघाल्या की थेट फौजेकडे. मी वरच्या मजल्यावर टेलिफोन ऑपरेटर, तुम्ही खाली मिस्त्री. वीज गेली की आमचं एक्स्चेंज तुमच्या चोवीस सेलवर चालायचं, आणि त्या सेलच्या काचेच्या बरण्यांतल्या प्लेटा पांढऱ्या पडून चार्ज धरेनाशा झाल्या होत्या. मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन खाली येते, तर तुम्ही रबरी एप्रन बांधून एकेका बरणीतलं ॲसिड काढून डिस्टिल्ड वॉटर भरता आहात. साहेब दारातूनच म्हणतात, "कल तक चाहिए." तुम्ही मान वर करत नाही. "आठ दिन लगेंगे, साहब. जोर से चार्ज किया तो प्लेटें मुड़ जाएँगी." साहेब निघून गेले आणि तो राग माझ्यावर निघाला. "ॲसिडच्या खोलीत डबा उघडून राहिली? अक्कल आहे का तुले?" मी बाहेर पायरीवर बसून एकटीच जेवले.

आठ दिवस तुम्ही ते सेल अगदी थोड्या करंटवर ठेवलेत, उतरवलेत, पुन्हा चढवलेत. शेवटी नवं ॲसिड भरून म्हणालात, "नव्यासारखे नाही झाले. पाऊण तास निघंल. अर्धा तास झाला का दवाखाना अन् जिथं काम अडलं तिथली लाईन, एवढंच ठेवजो. बाकी काढून टाक, मंग कोणी का असेना."

पंधरा दिवसही झाले नसतील. भर दुपारी वीज गेली आणि एका शेडमधली क्रेन ओझ्यासकट अडकली. खाली एका माणसाचा पाय दबला होता. शेडचा फोरमन फोनवर ओरडत होता, दवाखान्यातले डॉक्टर त्याला काय बांधायचं, कुठे बांधायचं ते सांगत होते, आणि दोघांच्या लाईनी जोडणारी बोर्डावरची दोरी माझ्या हातात होती. अर्धा तास झाला तशी मी एकेक लाईन काढत गेले. साहेबांचीही काढली. तेवढ्यात बोर्डावर बॅटरीघराच्या लाईनीचा दिवा लागला. "ऐक बेटा," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "बाबा, मंग बोलू," आणि तुमची दोरी ओढली.

वीज आली तेव्हा पाऊण तासाला काही मिनिटंच कमी होती. त्या माणसाचा पाय गेला, जीव वाचला. मी खाली धावले. एक बरणी तडकून ॲसिड तुमच्या उजव्या हातावर सांडलं होतं. ती जोडणीतून काढून उरलेले सेल चालू ठेवेपर्यंत तुम्ही हात धुतलाच नव्हता. मग डॉक्टरसाठी तो मघाचा फोन केला होतात. आता ओला कपडा गुंडाळून बसला होतात. विचारलंत, "माझी लाईन काहून कटली?"

"तार सैल असंल," मी म्हणाले.

तुम्ही खरं मानलंत. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या हातानं बॅटरीघरापासून वरपर्यंतचा एकेक जोड तपासलात, स्क्रू आवळलेत. लाईन नीट ठेवली नाही म्हणून साहेबांनी लेखी ताकीद दिली, तीही निमूट घेतलीत. खरं सांगितलं असतं तर तुम्ही "बरोबर केलं" एवढंच म्हणाला असतात, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी ती भाजलेली बोटं पाहून तोंड उघडलं नाही, आणि पुढे तुम्ही गेलात तोवर सांगायला वेळ पुष्कळ होता.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटात ठेवीन. पण एक गोष्ट आजवर स्वतःशीही नीट बोलले नव्हते. त्या वेळी आणखी दोन लाईनी बिनकामाच्या चालू होत्या. मी आधी तुमची काढली, कारण आवाज तुमचा होता, आणि लाईन काढली म्हणून तुम्ही मला काही म्हणणार नाही याची खात्री होती.